खोलीत सहा, रजिस्टरला पाच

आडवळ धरणाच्या बिनतारी खोलीत न पोचलेले सहा निरोप राहत होते, आणि नवी यंत्रणा बसवायची तर येत्या शुक्रवारपर्यंत त्यांनी खोली रिकामी करणं भाग होतं.

यंत्रणा म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या बिनतारी केंद्रांवर एका जागेवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. ते येण्याआधी खोली कशी असावी, याची चौदा कलमांची यादी वरून आली होती. तापमान बावीस अंश. अर्थिंगचे दोन वेगळे खड्डे, कोळसा-मीठ घालून. भिंतीला ओल नको, खिडकीला फट नको, वीज गेली तर चार तास पुरेल एवढी बॅटरी हवी. आणि चौदावं कलम असं होतं, की खोलीत न पोचलेला कोणताही निरोप वास्तव्यास नसावा. खोली वेळेत तयार झाली नाही, तर यंत्रणा पलीकडच्या धरणाला जाणार आणि आडवळचं केंद्र कायमचं बंद होणार, असंही खाली लिहिलं होतं. खाली लिहिलेलं सहसा खरं असतं.

शेवंता काळुगडे या केंद्रावर बत्तीस वर्षं बिनतारी चालक होत्या. सगळं धरण त्यांना बाई म्हणायचं. एसी सुरू करणं सोडलं, तर पहिली तेरा कलमं त्यांनी अकरा दिवसांत उरकली. खड्ड्यात मीठ पुरेसं पडतंय की मजुरांच्या घरी जातंय, हे पाहायला त्या स्वतः उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. राहिलं चौदावं कलम.

ज्यांनी बिनतारी खोली आतून पाहिलेली नाही, त्यांना थोडं सांगायला हवं. निरोप येतो, पण ज्याचा त्याला मिळत नाही, तेव्हा तो खोलीतच एका स्टुलावर बसून राहतो. तो खात नाही, पीत नाही, म्हातारा होत नाही. त्याला स्वतःच्या मजकुरापलीकडे एक शब्द बोलता येत नाही. आणि ज्याचा निरोप असतो, त्याला एकट्यालाच तो ऐकू येत नाही. त्याच केंद्राच्या चालकाने मजकूर वाचून दाखवायचा, त्या माणसाने तो जशाच्या तसा उलट म्हणायचा, म्हणजे पोच झाली. मग निरोप उठून जातो. हे सगळ्याच केंद्रांवर असं चालतं, त्यात आडवळचं विशेष काही नाही.

मंगळवारी पुण्याहून पाहणीला रेणुका टिपणीस आल्या. वय तिशीच्या आत, हातात यादी, पायात धूळ न धरणारे बूट. त्यांच्याबरोबर शाखा अभियंता ढोबळे होते. ढोबळे स्वभावाने गरीब, आणि कुठलीही अडचण नोंदवहीत नीट बसवली की सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती.

"एसी सुरू नाही का झाला अजून?" टिपणीसांनी विचारलं.

"जीप बंद पडली, दोरखंड पाठवा," दाराजवळचा निरोप म्हणाला. तो एक्क्याण्णव सालचा होता आणि त्याला सगळ्यांबद्दल सहानुभूती असे.

"दुपारी माणूस येतोय," बाई म्हणाल्या.

टिपणीसांनी बोटाने स्टुलं मोजली, मग रजिस्टर उघडलं, मग पुन्हा स्टुलं मोजली. "रजिस्टरला पाच निरोप आहेत. खोलीत सहा."

बाईंनी पदर सारखा केला. कोपऱ्यात खिडकीखाली बसलेला सहावा निरोप स्वच्छ आवाजात म्हणाला, "दरवाजा चालक गुलाब मुलाणी यांची बोरगाव कालवा उपविभागात विनंती बदली मंजूर. सोमवारी रुजू व्हावे."

"हा कोण?" टिपणीसांनी विचारलं.

"त्याची पोच झालेली आहे," बाई म्हणाल्या. "चौऱ्याण्णव साली. रजिस्टर बघा."

"मग तो अजून इथे कसा?"

यावर ढोबळ्यांनी सुचवलं, की त्याला जडवस्तू नोंदवहीत स्टुलासकट एक नग म्हणून दाखवता येईल. टिपणीसांनी विचार केला. फर्निचर बोलत नाही, हा मुद्दा त्यांना आडवा आला. "शुक्रवारी सकाळी मी परत येते," त्या म्हणाल्या. "बोलणारं काही खोलीत नको."

आता जे घडलं होतं ते असं. बिनतारी चालकांत एक जुनी खोड असते. निरोप आला की माणसाला हाक मारायला उठतानाच ते पोचेची वेळ लिहून टाकतात. हाक तर मारणारच आहोत, मग दोनदा पेन कशाला उघडा? अठ्ठावीस जुलै चौऱ्याण्णवला बाईंनी असंच अकरा वीस लिहिलं आणि त्या खिडकीशी गेल्या. समोर पुराचं पाणी चढत होतं, आणि तीन नंबरच्या अडलेल्या दरवाजाला लोंबकळून गुलाब मुलाणी पान्याने ठोके देत होता. तो दरवाजा दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. बाईंच्या मनात आलं, एवढा पावसाळा जाऊ दे.

पावसाळा गेला. मग दिवाळी आली, मग मुलाणीच्या पोराला कॉलनीच्या शाळेत घातलं. चार महिने उशिरा सांगायला लाज वाटली, आणि चार वर्षांनी तर तोंडच उरलं नाही. पहिली तीन वर्षं मुलाणी दर एक तारखेला दारात येऊन विचारायचा, "बाई, माज्या बदलीचं काय आलं का?" मागून निरोप खणखणीत सांगायचा, मंजूर. बाई म्हणायच्या, "नाही आलं, गुलाबभाई." त्याला अर्थातच मागचं काही ऐकू यायचं नाही, आणि रजिस्टरला पोच असल्याने बाकीच्यांना वाटायचं, की त्यानेच जायचं टाळलं. नंतर त्याने विचारणं सोडलं. निरोपाने सांगणं सोडलं नाही. एकतीस वर्षं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा बाईंनी ते ऐकलं होतं.

आणि सगळ्यांत कहर म्हणजे मुलाणीला तो निरोप फार आवडायचा. चहा घेऊन आला की तो तीन कप भरायचा. एक बाईंना, एक स्वतःला, आणि एक त्या स्टुलाजवळ.

"बाकीचे निस्ते कचाकचा बोलत्यात," तो म्हणायचा. "ह्यो बगा. इतक्या वर्सांत सबुद न्हाय. लई गुनाचा हाय."

"सोमवारी रुजू व्हावे," निरोप म्हणायचा. बाई चहा पीत राहायच्या.

बुधवारी बाईंनी रजिस्टरचे पाच मार्गी लावले. 'मुख्य अभियंता गुरुवारी येत आहेत, जेवण बिनतिखट ठेवावे' हा विश्रामगृहाच्या जुन्या खानसाम्याचा होता. तो काठी टेकत आला, त्याने निरोप उलट म्हटला आणि कपाळावर हात मारला. "तरीच साहेब रडले त्या दिवशी." 'पाच वाजता पाणीपातळी कळवा' हा ज्याचा होता तो वारला होता, म्हणून वारस दाखला पाहून त्याच्या मुलाला देण्यात आला. मुलाने पाच वाजेपर्यंत थांबून पातळी कळवली आणि मगच तो घरी गेला. 'जीप बंद पडली' हा खुद्द शाखेच्या नावाचा होता. ढोबळ्यांनी तो स्वीकारला आणि घाटात दोरखंड पाठवून दिला. संध्याकाळी त्याची सही-शिक्क्यासकट पावती आली.

'धोंडीराम मुकादम यांना मुलगी झाली, दोघी सुखरूप' हा घ्यायला मुकादम आले, ते मुलीच्याच मोटारसायकलवर मागे बसून. ती तालुक्याला तलाठी होती. मुकादमांनी निरोप म्हटला आणि खिशातल्या पैशातून सगळ्या कार्यालयाला पेढे वाटले. पाचवा 'सर्व केंद्रांस, हवामान ढगाळ, बाकी क्षेम' असा होता. तो कुणा एकाचा नव्हता, म्हणून बाईंनी तो खिडकीतून मोठ्याने वाचला. खाली धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनी तो एकसुरात उलट म्हटला आणि धुणं काढून नेलं.

राहिला सहावा. झाकली मूठ किती वर्षं झाकून ठेवणार? बाईंना केंद्र बंद व्हायची भीती होतीच, पण खरी भीती ती नव्हती. नवरा गेल्यावर या कॉलनीत रोज न चुकता त्यांच्या दारात येणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात थर्मास असे. तो थर्मास उद्यापासून येणार नाही, ही ती भीती होती.

गुरुवारी चार वाजता मुलाणी आला. रिकामी स्टुलं पाहून तो हळहळला. "गेले व्हय सगळे? आन् ह्यो?" त्याने खिडकीखालच्या स्टुलाजवळ कप ठेवला. "ह्येला ऱ्हाऊ द्या बाई. ह्येचा कुनाला तरास न्हाय."

"गुलाबभाई, बसा," बाई म्हणाल्या. "हा तुमचा आहे."

त्यांनी चष्मा लावला आणि मजकूर वाचला. शब्द एकही गाळला नाही. मुलाणीने हातातला कप खाली ठेवला. मग नियमाप्रमाणे उभा राहून त्याने तो अक्षर न अक्षर उलट म्हटला, स्वतःच्या नावासकट. निरोप उठला. जाता जाता तो मुलाणीसमोर थांबला आणि शेवटचं म्हणाला, "सोमवारी रुजू व्हावे." मग दार लोटून गेला.

"आवाज बरा हाय की ह्येचा," मुलाणी म्हणाला. मग म्हणाला, "कवा आल्ता?"

"अठ्ठावीस जुलै चौऱ्याण्णव. अकरा वीस."

"रजिस्टरला काय हाय?"

"पोच."

"कुनी लिवली?"

"मी."

मुलाणीने आपला चहा संपवला. मग स्टुलाजवळचा, मालक निघून गेलेला कप उचलला आणि तोही संपवला. "तीन लंबरच्या दरवाजापायी?"

"आधी दरवाजापायी."

"आन् मंग?"

"मग तुमची सवय लागली, गुलाबभाई. खोटं नाही सांगत."

मुलाणी थर्मासचं झाकण फिरवत राहिला. ते लागलं होतं तरी फिरवत राहिला. "चुकलं बाई तुमचं," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "चुकलं." आता त्या खोलीत बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी टिपणीसांनी खोलीच्या मध्यभागी उभं राहून पाच मिनिटं कान दिला आणि प्रमाणपत्रावर सही केली. शनिवारी यंत्रणा बसली. सोमवारी मुलाणी पेटी घेऊन बोरगावला रुजू झाला. सोमवार कोणता, ते आदेशात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे हाही चालत होता. बोरगावला त्याची जागा एकतीस वर्षं रिकामी ठेवलेली होती आणि शिपाई रोज त्याची खुर्ची पुसत होता. उशिराबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. निघताना तो बाईंच्या दारावरून गेला, पण आत आला नाही.

नवी यंत्रणा फार हुशार आहे. खोऱ्यातल्या कोणत्याही केंद्राचा निरोप आला की ती त्याच सेकंदाला स्वतःच पोच लावते. कुणाला हाक मारावी लागत नाही, पेन उघडावं लागत नाही. बाईंना आता काम असं नाही. त्या पडद्यावरच्या हिरव्या ओळी बघत बसतात आणि थंडी वाजते म्हणून शाल घेतात.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी बाई खोलीत आल्या तेव्हा खिडकीखालच्या स्टुलावर एक निरोप बसलेला होता. त्यांनी पडदा पाहिला. बोरगाव केंद्र, नऊ चाळीस, पोच झाली, एवढंच होतं. त्यांनी निरोपाकडे पाहिलं. तो ताठ बसला होता आणि त्याचं तोंड हलत होतं, पण बाईंना आवाज येत नव्हता. त्यांनी कान जवळ नेला, मग हा कुणाचा ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या खाली बसल्या.

ढोबळे आले. त्यांनी दारातच कान दिला, एकदा बाईंकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "बाई, हा तर..."

"सांगू नका साहेब," बाई म्हणाल्या. "चालकाने वाचल्याशिवाय ती पोच नव्हे."

"पण चालक तुम्हीच."

"तेच तर."

त्याच दिवशी बाईंनी, आडवळ केंद्रास एक दिवसापुरता दुसरा बिनतारी चालक मिळावा, असा अर्ज केला. तो विचाराधीन आहे. टिपणीसांना फोनवरून कळवण्यात आलं. त्यांनी विचारलं, "रजिस्टरला आहे का?" ढोबळे म्हणाले, "पोच झालेला आहे." त्या म्हणाल्या, मग काही हरकत नाही.

निरोपात शिवी आहे की खुशाली, हे बाईंना माहीत नाही. ढोबळ्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, ते कधी हसतात, कधी नाक ओढतात. बाई रोज चार वाजता स्वतः चहा करतात आणि दोन कप भरतात. बावीस अंशाला चहा लवकर निवतो, म्हणून स्टुलाजवळचा कप त्या बशीने झाकून ठेवतात.