आकाशातलं पार्वती-कडं

माझ्या हातून चुका होत नाहीत! देवासच्या कॉलेजात वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. चहात साखरसुद्धा मोजून घालते. त्यामुळे चिलीतल्या दुर्बिणीचे काही तास भाड्याने घेऊन तेजोमेघांचे फोटो मागवले, तेव्हा ते रंगवणं मला पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरण्याइतकं सोपं वाटलं. हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक. प्रत्येकाचा प्रकाश वेगळ्या गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, टिपलेला. फोटो काळेपांढरे, रंग आपण द्यायचे.

ऑक्सिजनला निळा दिला आणि कोपऱ्यात बांगडीसारखं गोल कडं उजळलं. कुठल्याच नकाशात नसलेलं!

“अण्णा, हे बहुधा नवीन आहे,” मी सासऱ्यांना म्हटलं. ‘बहुधा’ त्यांना ऐकूच गेलं नाही.

“नाव कोण ठेवतं?”

“शोधणारा सुचवू शकतो.”

अण्णा भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघत राहिले. “मग पार्वती ठेव. दारावरची पाटीसुद्धा जन्मभर माझ्याच नावाची होती.”

आता नाही कसं म्हणणार?

दुपारपर्यंत बातमी महाराष्ट्र समाजाच्या ग्रुपवर. समाजाचे अध्यक्ष कृष्णरावांचा अण्णांना फोन, “अरे भिया, रविवारी सूनबाईंचा सत्कार!” नणंद मधुवंती इंदूरहून साडी घेऊन यायला निघाली. फ्लेक्सवाले उमाशंकरजी म्हणाले, “दीदी, छल्ला थोड़ा और चमका दूँ?”

“बिलकुल नहीं! जितना है, उतना ही.” काय माझा प्रामाणिकपणा!

रविवारी सकाळी भाषणात दाखवायला दुसऱ्या तेजोमेघाचा फोटो उघडला. त्याच कोपऱ्यात तेच कडं! तिसऱ्यात? तेच! आकाश बदलत होतं, कडं जागचं हलत नव्हतं.

गाळणीवरच्या धुळीची सावली काढायला संगणकाला कोऱ्या पडद्याचा फोटो देतात, प्रत्येक गाळणीचा वेगळा; त्यात जिथे सावली दिसते, तिथे तो उजेड वाढवतो. मी हायड्रोजनचाच सगळ्यांना लावला होता. ऑक्सिजनच्या गाळणीवर नसलेली धूळ मी काळजीपूर्वक पुसली होती आणि तिथे कडं उजळलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला या चुकीबद्दल मी वर्गाबाहेर काढलं असतं.

अण्णा कोट घालून तयार होते.

“अण्णा... ती धूळ आहे.”

“पार्वती?”

“हो. म्हणजे, कडं. चूक माझी.”

ते खुर्चीत बसले. बराच वेळ कोटाची बटणं काढत राहिले. “मग पुसून टाक. हिला धूळ खपत नसे,” म्हणाले आणि स्वतःच कृष्णरावांना फोन लावला.

“सत्कार राहू द्या. धूळ निघाली... अहो, घरात नाही!”

पलीकडून कृष्णरावांचा आवाज खोलीभर घुमला, “पण शाल आणून ठेवलीय, अण्णा! सूनबाईंना विचारा, संध्याकाळपर्यंत दुसरं काही सापडेल का?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खरोखरच्या आशेने!