तातोबा खाकरत नाहीत

कोणाच्याही घरात शिरण्याआधी पुरुषाने उंबऱ्याबाहेर खाकरावे, हा आमच्या पेठेतला कुठेही न लिहिलेला कायदा होता. खाकरणे ऐकू आले की सुना पदर सारखा करत, सासवा बोलणे आवरत, आणि मांडीवर मूल घेऊन बसलेला तरुण बाप ते मूल झटकन खाली ठेवत असे. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलणे हा त्या काळी उघड निर्लज्जपणा. पुतण्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवा, भाच्यासाठी घोडा घोडा करा. स्वतःच्या लेकराकडे मात्र शेजाऱ्याचे मांजर आल्यासारखे बघायचे.

तातोबा चाबुकस्वार कधीही खाकरत नसत.

खरे तर पेठेतला सर्वांत मोठा खोकला त्यांचाच. सारा जन्म संस्थानच्या पागेत घोडी शिकवण्यात गेलेला, वैरणीचा कोंडा छातीत कायमचा बसलेला. ते खोकले की छपरावरची कबुतरे उडत. पण कोणाचा उंबरा जवळ आला की ते गालात ज्येष्ठमधाची काडी धरत, वहाणा काढून हातात घेत आणि चोरपावलांनी आत शिरत. हेतू एकच : बापाला मुलासकट पकडणे.

माझ्या शेजारचे बापट कारकून असेच सापडले. लेकीला छातीशी धरून बडबडगीत म्हणत होते. मिशीवाला म्हातारा दारात पाहताच त्यांनी घाबरून तिला वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात ठेवले आणि वर एक धोतर टाकले.

"उचला!" तातोबा गरजले. "शिंगरू हाय ते, धुणं न्हवं!"

बापटांनी मूल उचलले. त्यांचे वडील तेवढ्यात माजघरातून बाहेर आले. बापट पुन्हा वाकले.

"ठेवाल तर बगा! आन् काका, तुमी मागं फिरा. काय बगण्यासारखं न्हाय हितं. लेकरू हाय आन् बाप हाय."

त्यांच्या तोंडी प्रत्येक मूल हे शिंगरू. मी महिला मंडळाची चिटणीस; ते मला 'चिटणीसबाई' म्हणत, पण माझ्या मुलाचा उल्लेख 'तुमचं थोरलं शिंगरू' असाच करत. थोरले शिंगरू तेव्हा कॉलेजात होते.

आमची ओळख जागेमुळे झाली. संस्थान विलीन झाले, घोडी गेली, आणि पागेची एक लांबट शेड आमच्या बालसंगोपन केंद्राला भाड्याने मिळाली. लागणाऱ्या वस्तूंची यादी मी केली होती : तराजू, दूधभुकटी, पाळणे, सतरंज्या, डॉक्टरीणबाईंसाठी पाठीची खुर्ची. तातोबा त्या यादीत नव्हते. ते शेडची किल्ली द्यायला आले आणि गेलेच नाहीत. किल्लीही त्यांच्याच कनवटीला राहिली.

दर मंगळवारी दुपारी आया मुलांना घेऊन येत. डॉक्टरीणबाई वजन करायच्या आत तातोबा मुलांचे तळवे तपासून मोकळे होत. "टाच बगा ह्येची! लांब पल्ल्याचं हाय." एका बाळाचे कान पाहून, "हे चावणार," असे त्यांनी आईला बजावले. अंगावर पिणाऱ्या मुलांना हरभरा चारण्याचा सल्ला दिला, तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच.

"तातोबा, दात कुठे आहेत त्यांना?"

"न्हाईत व्हय? मग भिजवून द्या की."

असे ते बहुतेक बाबतीत साफ चुकत. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगत. "घोडीला शिंगरू झालं की पयल्या दिसांत त्येला माणसाचा हात कळाय पायजे. न्हाईतर पुढं जलमभर अंग चोरतंय. आयांचा हात ह्यास्नी ठावं हाय. बापाचा हात कुठं हाय? तुमी भलत्याच माणसास्नी शिकवताय, चिटणीसबाई."

मला ते पटले. मी 'वडिलांची सभा' ठरवली, चिठ्ठ्या वाटल्या, सतरंज्या घातल्या. दोन पुरुष आले. त्यांतला एक रेशनचे दुकान विचारायला आला होता.

"असं बलवल्यावर कोण येणार?" तातोबा म्हणाले. "माझ्यावर सोडा."

ते तडक तालमीत गेले आणि पागेत वजन उचलायची पैज आहे म्हणून सांगून आले. पुढच्या मंगळवारी शेड फुलून गेली. तरणे गडी अंगाला तेल लावून आले. त्यांचे बाप आणि चुलते पैज बघायला भिंतीकडेला बसले. बायका पोरे घेऊन होत्याच.

"वजन कुठाय?" तालमीतल्या सगळ्यांत आडदांड गड्याने, रंगरावने, दंड थोपटून विचारले.

तातोबांनी रंगरावच्या बायकोच्या मांडीवरचे पोर उचलले. "हे हाय. धर."

रंगरावने बापाकडे पाहिले, पोराकडे पाहिले. तालमीतले दगडी गोटे उचलणाऱ्या त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. कोणीच पुढे होईना. मला वाटले, संपले; उद्यापासून बायकाही यायच्या बंद.

"सगळी म्हातारी," तातोबांनी आरोळी दिली, "तोंडं भिंतीकडं!"

"आमाला घोडी समजलास व्हय रे, तातोबा?" रंगरावचा बाप उसळला.

"घोडी समजलो असतो तर मान दिला असता. फिरा!"

आणि ते फिरले. का फिरले ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा तेही तरणे बाप होते तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्यांना कोणी तरी असे सांगायला हवे होते. पागेत घोडी बांधतात तसे सारे म्हातारे भिंतीकडे तोंड करून ओळीने बसले, आणि त्यांच्या पाठीमागे पेठेतल्या बापांनी आपापली पोरे उचलली. रंगराव पोराला दोन्ही तळहातांवर आडवे धरून उभा होता, देवाचे ताट धरावे तसा. त्याच्या बापाने खांद्यावरून हळूच मागे पाहिले.

"एऽ, मान सरळ!" तातोबा ओरडले.

सतरंज्या गुंडाळताना मी सहज विचारले, "तुमच्या मारुतीला नाही बोलावलंत? त्याच्याही घरी पाळणा हलणार म्हणता."

मारुती हा त्यांचा एकुलता एक मुलगा. इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता. आई गेल्यापासून सणाला यायचा, जेवायचा आणि परत जायचा.

"त्येला पाळी असतीया," तातोबा म्हणाले. मग त्यांना खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

दिवाळीनंतर सुनेचे चंदगडकडच्या माहेरी बाळंतपण झाले. तिला आणि मुलाला घेऊन इचलकरंजीला परतताना मारुती वाटेत चार दिवस बापाकडे राहणार होता. ही बातमी तातोबांनी मला दिली ती, "मंडळाचा एक पाळणा न्हेतो," एवढ्याच शब्दांत. पाळणा डोक्यावर घेऊन ते गेले.

पुढच्या मंगळवारी शेडला कुलूप होते. आया पोरांना घेऊन उन्हात खोळंबलेल्या. मी त्यांना चिंचेखाली बसवले आणि किल्ली आणायला तातोबांच्या घरी निघाले. वाटेत त्यांना काय काय सुनवायचे ते क्रमाने ठरवूनही ठेवले.

रंकाळ्याकडच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर. तातोबा दाराबाहेर दगडावर बसले होते. तोंड भिंतीकडे, आणि तोंडावर उपरण्याचा बोळा दाबलेला.

"तातोबा, किल्ली..."

"शूऽ!" आणि ते कुजबुजले. म्हणजे त्यांच्या समजुतीने कुजबुजले. जन्मभर घोड्यांशी बोललेल्या माणसाची कुजबुज समोरच्या घरात ऐकू जाते. "हळू बोला. पोरगं बापाकडं हाय."

"मग तुम्ही बाहेर का?"

"मी आत गेलो की मारुती ठेवतोय त्येला खाली. आल्यापासनं तेच. मी दारात, की कडी वाजतीया, पोरगं पाळण्यात."

"ओरडा की त्याच्यावर. बापटांवर ओरडता, रंगराववर ओरडता."

"दुसऱ्याच्या पोरावर वरडाय येतंय, बाई." ते भिंतीकडे बघतच पुढे बोलले. "मारुती झाला तवा माझा बा जिता हुता. पागेत मी शिंगरं मांडीवर घिऊन बसायचो. ह्येला घेतलं न्हाय. बा गेला तवर हे पळाय लागलं हुतं. हात लावला की अंग चोरायचं. अजून चोरतंय."

ठरवून आणलेले सगळे मनातच राहिले.

"ज्येष्ठमध संपलाय सकाळधरनं," ते उपरण्याआडून म्हणाले. "लई दाबून धरलाय."

आणि तेवढ्यात तो सुटला. कोंड्याचा, छपरावरची कबुतरे उडवणारा खोकला. आतून येणारी पुरुषी आवाजातली अंगाई जागच्या जागी थांबली. तातोबांनी डोळे मिटले.

"ठेवलं," ते म्हणाले.

आत बाळ एकदा कुरकुरले. मग मारुतीचा आवाज आला, बापासारखाच दांडगा, पण आवरून धरलेला.

"आबा, भाईर कशाला बसलाय? सगळं ऐकू येतंय आत. या की. मला उठाय येत न्हाय, हात गुंतल्यात."

तातोबा लगेच उठले नाहीत. भिंतीकडेच पाहत राहिले. मग सवयीने वहाणा काढून हातात घेतल्या, त्यांच्याकडे पाहिले आणि उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या.

मी किल्ली न मागताच वळले. चिंचेखाली सावली पुरेशी होती. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. तो खोकला नव्हता. तातोबा आपल्याच उंबऱ्याशी उभे राहून, कोणाही वडीलधाऱ्या माणसाने खाकरावे तसे, मुद्दाम, सावकाश खाकरत होते. मी थांबून कान दिला.

पाळण्याची कडी वाजली नाही.