कडूबा मिस्त्रीची नळी

कडूबा मिस्त्री माणसांना अरे-तुरे करायचा आणि यंत्रांना अहो-जाहो. मी शहागडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यानं मला विचारलं, "कुठला रे तू?" आणि लगेच विहिरीवरच्या ऑइल इंजिनाकडं वळून म्हणाला, "का हो, आज खोकून राह्यलात?"

आसपासच्या मळ्यांतली सगळी इंजिनं त्याच्या हातची. पाना उचलण्याआधी तो इंजिनाला कान लावायचा आणि एकच शब्द बोलायचा, "बराबर!" इंजिन ठीक असो की बिघडलेलं, शब्द तोच. हा गडी दुपारी जेवायला येणार की नाही, हे त्याची बायको गयाबाई त्या शब्दाच्या सुरावरून ओळखायची.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. उन्हाळ्यात एक दिवस त्यानं धरणाच्या कामावरून मोडीत निघालेलं बोटीचं इंजिन आणलं. नावेच्या मागं अडकवायचं, खाली पंखा असलेलं. बैलगाडीत त्याच्याखाली घरातली चांगली वाकळ अंथरलेली. गयाबाईनं दारातूनच आपली वाकळ ओळखली.

"हे कशाला रे बाबा?" मी विचारलं.

"गंगेत चालवायला. मंग काय विहिरीत सोडू?" इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

इंजिनासोबत टाकी नव्हती, टाकीतलं पेट्रोल इंजिनात नेणारी नळीही नव्हती. त्या नळीनं त्याला महिनाभर नाचवलं. ट्रकवाल्यांकडून आणलेली जाड निघाली, तोंडावर बसेना. फवारणीच्या पंपाची पेट्रोलनं फुगून मऊ पडली. तिसरी मात्र बसली. दोन्ही टोकांना त्यानं पट्ट्या आवळल्या, जोडांवरून बोट फिरवून वास घेतला. टाकी म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा घेतला आणि त्याचं झाकण रबर घालून गच्च बसवलं.

"पेट्रोल उडून जातं, मास्तर. आता एक थेंब बाहेर जाणार न्हाई."

नदीला पाणी आलं तसं कडूबानं इंजिन गावच्या जुन्या नावेला अडकवलं आणि गाव काठावर जमलं. "निघा, सावकाश निघा," असं इंजिनाला सांगून कडूबानं दोरी ओढली. इंजिन गरजलं, नाव सरळ निघाली, आणि ऐन मध्यावर दोन ठसके देऊन सगळं गप्प! नाव वाहत जाऊन खालच्या बाभळीत अडकली. काठावरची माणसं पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशीही तेच. कडूबानं नळी काढली, फुंकली, पुन्हा जोडली. नळी मोकळी, जोड कोरडे, तरी इंजिन उपाशी. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच उपाशी बसला. भाकरी घेऊन आलेल्या गयाबाईनं डब्याकडं पाहिलं.

"गोडतेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारं जातं. तुमच्या डब्यात वारं कुठून जाऊन राह्यलं?"

कडूबा तसाच उठला. मग डबा रिकामा करून, धुऊन वाळवून त्यानं झाकणाला बारीक भोक पाडलं. त्या दुपारी नाव पलीकडं जाऊन परत आली. दोनदा.

पलीकडच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. एरवी पोरी कोरड्या पात्रातून चालत यायच्या; पाणी आलं की पुलावरून आठ मैल चिखल, म्हणून पावसाळा लागला की पोरींची शाळा सुटायची ती कायमची. त्या वर्षी कडूबा रोज सात पोरी आणू लागला, संध्याकाळी पोचवू लागला. "पोरीहो, जल्दी बसा, हलू नका!" आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला इंजिनाची हौस.

एका सकाळी पोरी वर्गात गेल्या तरी तो दारातच घुटमळला. चपला काढून आत आला.

"मास्तर, मोठ्या बाईला सातवीला बसता येतं का?"

"बाहेरून परीक्षेला बसता येतं की. कोण आहे?"

"माझी सुशीला." तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आम्ही पलीकडं राहत होतो तवा पाचवीला होती. गंगेला पाणी आलं. म्या म्हणलो, बस झालं शिकणं. लई रडली. मंग तिथंच लग्न लावून दिलं. दोन लेकरं हायत आता. परवा नावेपाशी आल्ती. पोरींचं पुस्तक घेऊन उभ्या उभ्या वाचून राह्यली. मला काही म्हणली न्हाई."

मी कागद ओढला, तिचं नाव लिहून घेतलं.

"अभ्यासाला यावं लागेल तिला."

"यील. नावेत एक जागा हाय," कडूबा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून म्या तिथं कुणाला बसू दिलं न्हाई."