भाऊमामांची मॅनेजरी

माझ्या आयुष्यात मी एकच माणूस असा पाहिला, जो फुटबॉलची मॅच मैदानाकडे पाठ करून बघत असे. यात 'बघणं' कुठलं आलं, असं तुम्ही म्हणाल. पण भाऊमामा स्वतः तोच शब्द वापरत. "काल तुमचा खेळ बघितला," असं म्हणून जे सांगत ते शंभर टक्के खरं निघे. गोलच्या मागे एक उपडं टोपलं टाकून ते बसत. तोंड रेल्वेच्या रुळांकडे, पाठ आमच्याकडे, आणि त्या पाठीतून दीड तास अखंड संताप बाहेर पडे.

मी एकदा विचारलं, "मामा, असं काहून बसता?"

"तोंड करून बसलो तर उठून तुमच्यातल्या एकाला मारीन. हा बंदोबस्त तुमच्यासाठीच आहे."

मी फुटबॉल खेळत असे यावर माझ्या मुलांचा विश्वास नाही. माझं आजचं पोट पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण निजामाच्या राज्यात, परतूरला, जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या मोकळ्या जागेत आमचा एक क्लब होता, आणि मी त्याचा सेंटर फॉरवर्ड होतो. तहसील कचेरीत मी तेव्हा उमेदवार होतो, म्हणजे काम कारकुनाचं आणि पगार कुणाचाच नाही. बाकीचे बहुतेक जिनिंगमधले. याकूब पिंजारी, गणपत लोहार, गाड्या भरणारे, रुई दाबणारे. मला इंग्रजी येत होतं आणि नियमांचं पुस्तक माझ्याकडे होतं, म्हणून मी सेंटर फॉरवर्ड. त्या पुस्तकाची मी चार पानं वाचली होती. पाचव्या पानावर आकृत्या सुरू होत.

क्लबची अवस्था सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. जालन्याच्या संघाकडून आम्ही आमच्याच मैदानावर नऊ गोल खाल्ले. दहावा झाला नाही, कारण जालनेकरांना गाडी गाठायची होती.

जागा शेठजींची होती, जिनिंगही त्यांचीच. ते दुसऱ्या दिवशी फाटकात उभे राहून म्हणाले, "नऊ गोल खायला एवढी जागा कशाला लागते? तिथं माझ्या कापसाच्या गाड्या सुटतील."

शेजारीच भाऊमामा उभे होते. ते माझ्या आईचे चुलत भाऊ, जिनिंगमध्ये कापूस पारखायला. गाडी आली की ढिगात हात घालून एक पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढायचा, आणि धागा लांब की आखूड याचा निकाल द्यायचा. शेतकरी एका बाजूला, शेठजी दुसऱ्या बाजूला, आणि मामा दोघांवरही चिडलेले. बोटांची ती सवय इतकी जडली होती की कुणाशी बोलताना ते समोरच्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरत. नवा तहसीलदार आला, मामांनी लांबून पाहिला, म्हणाले, "धागा आखूड आहे." माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. "मुलगा बरा, धागा आखूड." आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे एकच वाक्य होतं: "हे बराबर न्हाई." गाडी उशिरा आली तर ते बराबर नव्हतंच, वेळेवर आली तरी नव्हतं, कारण वेळेवर येणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवून मग माणसं फसतात.

तर शेठजींचं ऐकून मामा म्हणाले, "हे बराबर न्हाई. पोरं हरून राह्यली म्हणून मैदान काढून घेता. तुमची मशीन गेल्या साली तीनदा बंद पडल्ती, फॅक्टरी काढून घेतली का कुणी?"

शेठजी हसले. मोठ्या माणसांचं ते हसणं मला अजून आवडत नाही. ते म्हणाले, "भाऊराव, तुम्हाला सगळंच कळतं, तर क्लबची मॅनेजरी तुम्हीच घ्या. पौषात जालनेकरांना परत बोलावू. जिंकलात तर मैदान तुमचं. हरलात तर मैदानही गेलं आणि मॅनेजरीही."

मामांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. ते नाही म्हणतील अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांनी शेठजींच्या कोटाचं टोक चिमटीत धरलं, सोडलं, आणि म्हणाले, "उद्या पाच वाजता."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की आमचा बॉल काखेत मारला आणि घरी नेऊन ठेवला. आठ दिवस बॉल नाही. आम्हाला ओळीने बसवून एकेकाला विचारलं, "काहून हरता?" याकूब म्हणाला, गणपत पुढे पळून जातो. गणपत म्हणाला, वारा उलटा होता. मी म्हणालो, बाकीच्यांना नियम माहीत नाहीत. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांवर सारखेच चिडले.

नवव्या दिवशी बॉल परत आला. मामा टोपल्यावर पाठ करून बसले. खेळ सुरू झाला. पाच मिनिटांत ते तसेच, मागे न बघता, गरजले, "थांबा."

आम्ही थांबलो.

"गण्या, तू आत्ता काय म्हणालास?"

गणपत बावरला. "मी म्हणालो, कारकूनसाहेब, घ्यावा."

"मंग?"

"मंग साहेबांनी घ्यायच्या आत बॉल गेल्ता."

"जाणारच. पुर्शा, तुला बॉल द्यायला हा दरखास्त लिहून राह्यला का? 'बखिदमत कारकूनसाहेब, बॉल पाठवीत आहे, तरी स्वीकार व्हावा.' तेवढ्यात जालनेवाला गोल करून, पाणी पिऊन परत येतो."

सगळे हसले. पुर्शा म्हणजे मी, आणि मी हसलो नाही. मला कुणी 'कारकूनसाहेब' म्हणणारी ती जगातली एकच जागा होती. कचेरीत मला 'अरे' म्हणत.

त्या दिवसापासून नियम झाला. मैदानात कुणी साहेब नाही, कुणी पाटील नाही, वयाने मोठ्यालाही अहोजाहो नाही. ज्याला बॉल द्यायचा त्याचं नाव, तेही तोडून: याक्या, गण्या, पुर्शा. नाव घेतल्याशिवाय बॉल सोडायचा नाही, कारण मामा पाठ करून बसलेले, त्यांना कळायला हवं. आधी सगळ्यांची जीभ अडखळे. गणपतने मला पहिल्यांदा 'पुर्शा' म्हटलं तेव्हा बॉल सोडून दोन्ही कान धरले. पण पंधरा दिवसांत मैदानावर बाजारासारखा गलका सुरू झाला, आणि गंमत म्हणजे बॉल आपल्याच माणसाकडे जाऊ लागला.

याच सुमारास त्यांनी मला सेंटर फॉरवर्डवरून काढलं. लेफ्ट बॅक. माझ्या जागी याकूब. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझा धागा लांब आहे पण कच्चा आहे. मागं राहा." सख्ख्या आईच्या चुलत भावाने असं करावं याचा मला आजही राग आहे, आणि हे लिहिताना तो थोडा वाढला आहे.

पण खरा संताप त्यांना आला तो हाफटाइमचा. आमचा हाफटाइम कसा, तर रेफ्रीची शिट्टी वाजली की क्लब चार दिशांना पांगे. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार माठ होते. कुणी कुठल्या माठाचं प्यायचं हे गावाला ठाऊक होतं, कुणी कुणाला सांगत नसे. याकूब आणि रुईवाले तिकडे, मी इकडे एकटा, माझ्या तांब्यासह. परत एकत्र येईपर्यंत शिट्टी वाजे. दोन वर्षांत आम्ही हाफटाइमला एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

मला वाटलं, आता मामा माठ फोडणार. मनातून मी घाबरलो होतो. घरी आईला काय सांगू. पण मामांना सुधारणा वगैरे करायची नव्हती. त्यांना वेळ वाया गेल्याचा राग होता.

"पाणी प्यायला चार वाटांनी जाता, मंग खेळायला एका वाटेनं कसे याल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उसाची मोळी आणली. ऊस कुणाच्याही हातचा चालतो. त्याला विटाळ नाही, हे आईपासून मौलवींपर्यंत सगळ्यांना मान्य. मामांनी विळ्याने कांडकी केली आणि हुकूम सोडला: हाफटाइमला गोल बसून ऊस खायचा, माठाकडे खेळ संपल्यावर. आता ऊस असा पदार्थ आहे की तो गपचूप खाता येत नाही. सोलताना, चोखताना, चोथा थुंकताना माणूस काहीतरी बोलतोच. याकूब म्हणाला, तो उंच जालनेवाला उजव्या पायाने खेळतच नाही. गणपत म्हणाला, मग त्याला उजवीकडेच ढकलू. मी चार पानं वाचलेला, मला हे दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

तरीही मी एक नीच काम केलं. शेठजींच्या नावे उर्दूत, सही न करता, एक दरखास्त पाठवली. मॅनेजरसाहेब खेळाकडे पाठ करून बसतात, इज्जतदार माणसांना तोडून हाका मारायला लावतात, हाफटाइमला गुऱ्हाळ चालवतात, सबब त्यांना बदलावं. अक्षर माझं सुरेख होतं.

दोन दिवसांनी मामा तोच कागद घेऊन माझ्याच घरी आले. त्यांना उर्दू वाचता येत नसे. "शेठजींनी दिलाय. वाच बरं काय आहे ते."

मी वाचला. स्वतःचीच चहाडी मोठ्याने वाचण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. 'गुऱ्हाळ' मी गाळलं. मामा माझ्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. पण एवढं लिहूनही त्याला लेफ्ट बॅकच खेळावं लागेल." आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

पौषात जालनेकर आले. हसत उतरले, मागच्या वेळी राहिलेला दहावा गोल घ्यायला आलोय असं स्टेशनवर म्हणाले म्हणे. शेठजी खुर्ची टाकून बसले. मैदानाबाहेर त्यांच्या कापसाच्या सात गाड्या आधीच उभ्या होत्या, बैल सोडायची तेवढी वाट.

त्या मॅचबद्दल मी फार सांगणार नाही, कारण घरच्यांच्या मते मी दर वेळी माझा भाग वाढवतो. उंच जालनेवाल्याला आम्ही उजवीकडे ढकलत राहिलो. हाफटाइमला शून्य-शून्य. ऊस खाताना कुणी हसलं नाही. शेवटी शेवटी एक बॉल माझ्याकडे आला. मी पळायला निघालो, कारण सेंटर फॉरवर्डची खोड जात नाही. तेवढ्यात टोपल्यावरून आवाज आला, "पुर्शा, तुझ्या पायाचा आवाज येऊन राह्यला, नावाचा न्हाई." मी चरफडलो आणि ओरडलो, "गण्या!" गणपतने घेतला, "याक्या" म्हटलं, आणि याकूबच्या अनवाणी पायाचा तो ठप्प आवाज मला आजही ऐकू येतो. एक-शून्य.

गाड्या दुसरीकडे सुटल्या. मैदान राहिलं. शेठजी खुशीत येऊन खुर्चीवर उभे राहिले आणि बोलले. आता या क्लबचं नाव झालं, तेव्हा त्याला साजेसा, खेळ जाणणारा माणूस हवा. औरंगाबादहून एक मास्तर आणतोय, उद्यापासून तेच मॅनेजर. भाऊरावांनी वेळेला फार मदत केली. मग भाऊरावांच्या अंगावर शाल आणि हातात नारळ.

आम्ही अकरा जण मामांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते एक वाक्य आता येणार, शेठजींच्या तोंडावर येणार. मामांनी शालीची घडी नीट केली. "बरं," म्हणाले, आणि घरी गेले.

चार दिवस नव्या मास्तरांनी आम्हाला आकृत्या काढून दाखवल्या. पाचव्या दिवशी खेळ आटोपल्यावर मी मामांकडे गेलो. खूप रागात होतो, त्यांच्या वतीने. मामा चुलीपुढे बसून एका माणसाच्या भाकरी थापत होते. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी टेंभुर्णीला दिलेली. मी शेठजींना नाही नाही ते बोललो. मामा नुसते "हूं" म्हणत राहिले. मी इतका वेळ बोलूनही ते कशावरच चिडले नाहीत. म्हणाले, "पुर्शा, घरी भिंतीवर किती चिडायचं? भिंत उलटून बोलत न्हाई." आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी हे मैदानात सांगितलं. कुणी काही ठरवलं नाही. खेळ संपल्यावर याकूब मामांच्या गल्लीकडे वळला, मग गणपत, मग सगळेच. दारात जाऊन उभे राहिलो. मामांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

गणपत चाचरत म्हणाला, "मामा, नवे मास्तर म्हणतात, खेळताना ओरडायचं न्हाई. असभ्य दिसतं."

मामांचा हात पिठात थांबला.

याकूब म्हणाला, "मंग आम्ही न्हाई ओरडत. आज आमच्याच माणसांत टक्कर झाली, दोघं पडले."

"कोण दोघं?"

"मी अन् पुर्शा."

"पुर्शा काहून पुढं गेल्ता?" मामा परातीवरून उठले. कोपरापर्यंत पीठ. "लेफ्ट बॅक आहे ना तो? कुणी सांगितलं पुढं जायला? अन् गण्या, तुला तोंड कशाला दिलंय देवानं, मास्तराला होय म्हणायला?" आणि मग जे सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. पलीकडच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं हो, भांडण का?" याकूब म्हणाला, "न्हाई काकू. मामाला बरं वाटून राह्यलं."

मामा ओरडत होते, आणि ओरडता ओरडताच त्यांनी डेऱ्यात हात घालून पीठ काढलं, मग आणखी काढलं, मग परात पुरेना म्हणून दुसरी घेतली. गणपत चुलीला लाकूड सारत होता, याकूब पाणी ओढत होता. कोण कुणाच्या हातचं खातं हे त्या संध्याकाळी कुणाला आठवलं नाही. मामा आठवायला सवडच देत नव्हते.