प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते इन्सुलिन

सौदी अरेबियातल्या अबकैकच्या मराठी मंडळाने आफ्रिकेतल्या गरीब, आजारी कुटुंबांना मदत करायचा ठराव एकमताने मंजूर केला, तेव्हा अडचण एकच निघाली. मंडळात कुणाच्याच ओळखीचा आफ्रिकन नव्हता. म्हणजे कॉलनीच्या फाटकावरचा पहारेकरी युगांडाचा, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस इथिओपियाचा आणि पोरांच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर उस्मान सुदानचा. पण ही झाली रोजची माणसं. आफ्रिका म्हटलं की जरा लांबचं काहीतरी हवं.

शेवटी चिटणीस हरिहर गायधनी यांनी भीत भीत विचारलं, "आपला उस्मान चालेल का?"

"गरीब आहे?" अध्यक्ष बाळाराम तांडेल यांनी तपासणी सुरू केली.

"आहे. तिकडे लढाई चाललीय, सगळा पगार तिकडेच जातो. इथे इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपलाय, म्हणून विमा बंद."

"आजारी कोण?"

"बायको. हलीमा. तिला रोज इन्सुलिन लागतं, आणि ते परवडत नाही."

"मंचावर उभी राहू शकेल ना?"

"राहील."

"मग झ्याक! आजारी पाहिजेच, पण फार नको. कार्यक्रमाला अवकळा येते."

मंडळाला नावं ठेवायची सोपी, पण वर्गणी एका दिवसात जमली आणि दुसऱ्या दिवशी इन्सुलिन आलंही. सजावट उपसमितीने ते सोनेरी कागदात गुंडाळलं, वर रेशमी फीत बांधली आणि हरिहरच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे ठेवून दिलं. आता फक्त द्यायचं राहिलं होतं. पण देणार कुणाच्या हस्ते? हात तर सगळ्यांनाच दोन दोन होते. पण ज्यांच्या हस्ते काही देता येतं, असे हात अबकैकमध्ये नव्हते. ते पुण्याला होते. करुणा या विषयावर व्याख्यानं देणारे एक नामवंत वक्ते तिथे राहत. त्यांना बोलावणं गेलं.

वक्त्यांचा व्हिसा अडकला, कार्यक्रम पुढे गेला. व्हिसा सुटला तर मस्कतला त्यांचं शिबिर निघालं, कार्यक्रम आणखी पुढे गेला. रोज सकाळी हरिहर लेकीला, रेवाला, बसमध्ये चढवायला जाई आणि उस्मान खिडकीतून मान बाहेर काढून विचारी, "मुहंदिस, दवा आया?" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. या हाकेने एरवी हरिहरची छाती फुगत असे. आता तो बसच्या टायरकडे बघत म्हणे, "आया है भाई. प्रोग्राम नहीं हुआ."

"हलीमा आधा आधा लेती है. थोडा बचा है."

"बस, हो जाएगा. इन्शाअल्ला."

घरी मुग्धा वाट बघतच असे. "अहो, दहा पावलांवर राहतात ती माणसं. देऊन या ना."

"अगं, ते मंडळाचं आहे."

"मग दुसरं विकत घेऊन द्या."

"आणि कार्यक्रमात काय द्यायचं? एकदा तिच्याकडे इन्सुलिन आलं की ती गरजू कुठे राहिली? सगळा ठराव बारगळेल!"

मुग्धाने फ्रीजचं दार असं आपटलं की श्रीखंडही हाललं. हरिहर वाईट माणूस नव्हता. रात्री पाणी प्यायला उठला की तो त्या सोनेरी डब्याकडे बघे, हातही पुढे करी. मग फितीवरची चिठ्ठी दिसे, तीत 'हस्ते' हा शब्द दिसे, आणि हात श्रीखंडाकडे वळे.

अखेर तारीख ठरली. आता प्रश्न हॉलचा. परवान्याशिवाय वर्गणी-मदत असलं काही इथे चालत नाही. कॉलनीचा हॉल फक्त वाढदिवसाला मिळतो. तेव्हा वाढदिवस ठरला. वाढदिवस म्हणजे फुगे आले, फुगे म्हणजे केक आला. तो हलीमाबाईंच्या हस्ते कापायचा, असंही ठरलं.

"तिला साखरेचा आजार आहे हो," हरिहर म्हणाला.

"कापायचाय. खायचा कुठे सांगितलाय?" तांडेल म्हणाले.

पाहुण्यांना दम्मामच्या विमानतळावरून आणायचं काम उस्मानवर सोपवलं. "तेवढंच त्यालाही सहभागी झाल्यासारखं वाटेल," असं तांडेलांचं मत पडलं. भाड्याचा विषय निघाल्यावर ते दुखावलेच. "भाडं? अहो, लाभार्थी आहे तो!"

त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. टेबलावर, एरवी कोळंबी आणायच्या बर्फाच्या पेटीत, सोनेरी डबा विराजमान झाला. प्रास्ताविक झालं, स्वागतगीत झालं, पाहुणे येईनात म्हणून स्वागतगीत पुन्हा झालं. तेवढ्यात हरिहरचा फोन वाजला.

"मुहंदिस, हलीमा गिर गया. बात नहीं करती. मैं अस्पताल में."

हरिहर लगबगीने मंचाकडे गेला. त्याने तांडेलांच्या कानात सांगितलं. तांडेल पांढरेफटक झाले.

"अरे देवा! मग पाहुण्यांना कोण आणणार?"

हरिहरने पेटीतून डबा उचलला आणि तो निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच ठरावाशिवाय निघाला. दारापाशी तांडेलांनी त्याला गाठलं.

"गायधनी, असं कसं नेता? हस्ते राहिलं ना!"

"साहेब, पाहुणे दम्मामला आहेत."

"व्हिडिओ कॉल लावा!"

कॉल लागला. विमानतळावरच्या बाकावरून पाहुण्यांनी उजवा हात पुढे केला, तांडेलांनी फोन डब्याला टेकवला आणि इन्सुलिन रीतसर प्रदान झालं. टाळ्या पडल्या. मग पाहुणे करुणेवर बोलले. करुणा थांबत नसते, असं त्यांनी खुलवून सांगितलं. हरिहर डबा छातीशी धरून उभा राहिला. भाषण संपल्यावर टाळ्याही त्याने वाजवल्या, डबा काखेत धरून. मग समूहचित्र झालं. मग "गायधनी, यल्ला, पळा!" असा आदेश मिळाला.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात उस्मान भिंतीला टेकून बसला होता.

"आँख खोली," तो म्हणाला. "खलास, काम हो गया, मुहंदिस. यहाँ वालों ने सुई दे दिया. नर्स ने नाम भी बाद में पूछा."

हरिहरने डबा पुढे केला. उस्मानने तो सोनेरी कागद, ती फीत बराच वेळ न्याहाळली.

"किसी का शादी है?"

 माफी मागावी असं हरिहरला अगदी मनापासून वाटलं. त्याने डावा हात डब्यावर तसाच ठेवला, उजवा हात खिशात घातला आणि मोबाइल काढला.

"भाई, जरा इधर देखो."

तो फोटो प्रसिद्धी उपसमितीने नाकारला. लाभार्थीचा चेहरा ओढलेला दिसतो, असा शेरा मारला. मंडळाच्या ग्रुपवर हॉलमधलं समूहचित्रच गेलं. खाली बदाम पडले, जोडलेले हात पडले. प्रत्येकाने चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि आपण कसे दिसतो ते पाहिलं.

त्यात एकही आफ्रिकन नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उगीच हसू नका. तुम्ही त्या हॉलमध्ये असता, तर बोटं तुमचीही चेहरा शोधत फिरली असती, आणि तो काही हलीमाचा नसता.