उसना धूर

खुशालरावांच्या एकाहत्तर सालच्या ॲम्बॅसिडरने धूर सोडणे बंद केले, ही गोष्ट प्रथम त्यांची सून आकांक्षा हिच्या लक्षात आली आणि तिला अतिशय आनंद झाला. पुढे जे घडले त्याला हा आनंदच जबाबदार होता.

आनंदाला कारण होते. पाच वर्षांच्या श्रावणीला दमा. अमरावतीहून अकोल्याला डॉक्टरांकडे निघावे, तर गाडीतल्या पेट्रोलच्या वासाने मूर्तिजापूर यायच्या आतच पोरीची छाती शिट्टी वाजवू लागे. आकांक्षा एम.एस्सी. होती. पोरीचे श्वास मोजत बसण्यापलीकडे त्या पदवीचा सध्या काही उपयोग नव्हता.

अकोल्याच्या धम्मदीप मेकॅनिकने निदान केले. "वहिनी, कार्ब्युरेटर म्हणजे अंदाजपंचे कारभार हाय. पेट्रोल किती, हवा किती, त्याले काही घेणं-देणं नाही. ते काढून फ्युएल इंजेक्शन बसवू. कॉम्प्युटर थेंब मोजून पेट्रोल देते."

"पन्नास वर्षं झाली, अंदाजानंच चालून राह्यली ना गाडी?" खुशालराव म्हणाले. "देशही तसाच चालते."

पण नेमकी तेव्हाच नात खोकली आणि ठराव मंजूर झाला.

धम्मदीपने कार्ब्युरेटर उतरवला, इंजेक्टर बसवला, डॅशबोर्डखाली इवलासा कॉम्प्युटर आणि सायलेन्सरला धूर गाळणारे यंत्र लावले. आकांक्षाने पांढरा रुमाल सायलेन्सरपाशी धरून पाहिला. पांढराच राहिला. तिने तीनदा पाहिले. आईचा विश्वास पहिल्या रुमालावर बसत नाही.

आता फक्त पीयूसी उरले होते. श्रावणीच्या शाळेने नुकताच 'हरित शाळा' असा फलक लावला होता, त्यामुळे पीयूसीशिवाय गाडी फाटकाच्या आत घेत नसत. आणि पोरीला बाहेर, रस्त्यावरच्या धुरात उतरवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. शाळा सोमवारी उघडणार होती.

पीयूसी केंद्रावरच्या सहदेवने सायलेन्सरमध्ये नळी घातली. पडद्यावर शून्य आले.

"गाडी चालू करा, ताई."

"चालूच आहे."

सहदेवने बॉनेटला कान लावला. "चालू तर हाय. पण मशीन नाही म्हणते. धूर नाही म्हणजे मशीनच्या लेखी गाडी बंद."

"अहो, मग चांगलंच आहे ना? कमी धुराचाच दाखला देता ना तुम्ही?"

"कमीचा देतो. नाहीचा नाही देत. आजवर कोणी मागितलाच नाही."

मशीनने 'वाहन बंद' अशी नोंद परस्पर वर पाठवली, म्हणून सासरा-सून परिवहन कार्यालयात गेले. तिथले रविकांत साहेब नियमांना पोटच्या पोरासारखे सांभाळत.

"नियमात धुराची कमाल मर्यादा आहे," ते म्हणाले. "ज्या अर्थी मर्यादा आहे, त्या अर्थी धूर गृहीत आहे." मग त्यांनी गाडीचे जुने दाखले मांडले. "हे बघा. तेवीस दाखले, प्रत्येकात एकच आकडा, दशांशासकट."

"साहेब, त्यातली तीन वर्षं गाडी गोठ्यात इटांवर उभी होती," खुशालराव म्हणाले.

"तरी तिने शिस्त सोडली नाही. आणि आता अचानक धूर बंद. कारण?"

"माझ्या मुलीला दमा आहे," आकांक्षा म्हणाली.

"ते आरोग्य खात्याकडे. इथे वाहनांच्या तक्रारी घेतो."

शुक्रवारी नोटीस आली. बंद अवस्थेतील वाहन सार्वजनिक रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने चालवल्याबद्दल खुलासा मागितला होता. वाहनाने पूर्ववत धूर सुरू करावा, अन्यथा ते भंगारात जमा करावे.

धम्मदीपने फोनवर विचारले, "मंग कार्ब्युरेटर परत बसवू काय, वहिनी?"

समोर अंगणात श्रावणी मांजरामागे धावत होती आणि तिची छाती गप्प होती. "नको," आकांक्षा म्हणाली.

शनिवारी केंद्रावर सहदेवनेच मार्ग काढला. "ताई, धूर घरचाच पाह्यजे असं कुठं लिव्हलं हाय? नंबरप्लेट तुमची, धूर दुसऱ्याचा."

रांगेत मागे नत्थुजींचा ऑटो होता. त्याच्या धुरात नळी घालताच मशीन लाल झाले. सहदेवने क्षणभर विचार केला, दोन्ही वाहनांची शेपटी शेपटीला लावली आणि नळी मधोमध धरली. "तुमची हवा, त्यांचा धूर," तो म्हणाला. आकडा मर्यादेच्या आत, अगदी सभ्य आला.

"मॅडम, जरा चालूच ठेवा जी," नत्थुजी म्हणाले. "एवढ्यात आमचंही होऊन जाईन."

नत्थुजींचे झाले. मागून पाण्याचा टँकर आला, त्याच्या मागून ट्रॅक्टर, मग दोन मालवाहू टेम्पो. आकांक्षाला नाही म्हणवेना. तिचा स्वतःचा दाखलाही त्याच हवेतला होता. दुपारपर्यंत ॲम्बॅसिडरने आपली स्वच्छता चाळीस वाहनांना वाटली. त्या दिवशी केंद्रावर प्रदूषण करणारे एकही वाहन आढळले नाही.

"पयल्यांदा गाडी चार लोकाइच्या कामी आली पाय," खुशालराव कौतुकाने म्हणाले.

सोमवारी फाटकावरच्या चौकीदाराने दाखला पाहून सलाम ठोकला. ॲम्बॅसिडर आत शिरली. पुढे नत्थुजींचा ऑटो अकरा पोरे उतरवत होता आणि त्याच्या पुढे टँकर हरित शाळेच्या झाडांना पाणी घालत होता. दोघांचीही इंजिने चालू होती. आकांक्षाने काच वर केली, पण पोरीला उतरायचे तिथेच होते. वर्गाच्या पायरीपर्यंत पोचता पोचता श्रावणीची छाती वाजू लागली.

आकांक्षा तरातरा चौकीदाराकडे गेली. "हा ऑटो आत कसा घेतलात तुम्ही?"

"मॅडम, त्याच्यापाशी दाखला हाय ना," तो वही उघडून म्हणाला. "हे पाहा, तुमच्याच पुढचा नंबर."

ती पायरीकडे परत धावली. पर्समधला इनहेलर काढून पोरीच्या तोंडाशी धरला. मागे फाटकात पालकांच्या गाड्या खोळंबून हॉर्न वाजवू लागल्या होत्या. त्यात तुमचीही होती. पीयूसी आहे ना तुमच्याकडे? असणारच. एवढेच आठवून बघा, दाखला काढायला गाडी घेऊन गेला होता, की घरबसल्या नंबरप्लेटचा फोटो पाठवला होता?