बुजवलेला पाऊस

कलाबाईने विणलेला पाऊस तिच्या नवऱ्याने, उखाने, एका दुपारीत बुजवून टाकला.

लेकीच्या, धनश्रीच्या बाळासाठी ती टोपी होती. वर निळ्या लोकरीचा गच्च विणलेला ढग आणि खाली कानांपर्यंत पाऊस. दोन टाके एकत्र घ्यायचे, सुईवर लोकरीचा एक वेढा जास्त द्यायचा, की भोक पडतं. तो एक थेंब. असे थेंब वाऱ्याने झोडपल्यासारखे तिरपे उतरत होते. टोपी खाटेवर ठेवून कलाबाई नळावर गेली. परत आली तर टोपीत थेंब म्हणून उरला नव्हता. प्रत्येक भोकात पांढरा धागा ओढलेला, वर बारीक गाठ.

"आवो, हाई काय करं तुम्ही?"

"भोकंच भोकं पडेल व्हतात तुन्या टोपीले. लोके हासतीन. बठ्ठा बुजाडी टाकात."

"तो पाऊस व्हता!"

"पाऊस?" उखाने टोपी चाचपली. "माले वाटनं, तुले विणता येत नही."

कडोदऱ्याच्या यंत्रमागांवर त्याचा जन्म गेला होता. तिथे कापडात भोक म्हणजे पाप. दिसलं की धागा ओढायचा, गाठ मारायची. आणि याच पापासाठी मुकादम भाईदासने त्याला घरी बसवलं होतं. 'उखाच्या ताग्यात भोकं राहतात, त्याला दिसत नाही.' उखा म्हणे, दिव्याचा उजेड कमी. तेव्हापासून घर कलाबाईच्या धुण्याभांड्यांवर रेटत होतं.

रडणं अर्ध्यात सोडून कलाबाईने टोपी उजेडात धरली. एकही भोक सुटलं नव्हतं. ज्याला दिसत नाही तो असं करेल?

"चपला घाला," ती म्हणाली.

कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा, की मुकादमाच्या खोलीतही ओरडूनच बोलावं लागे. भाईदासने टोपी मुठीवर चढवली, ट्यूबलाइटखाली फिरवली.

"एकदम चोक्खी गाठ! काकांनी मारली?"

"मंग कोनी? आनि तुम्ही त्यासले आंधळा म्हनतस!"

भाईदास ओशाळला. "भूल झाली काकू. काका, उद्यापासून या. पहिली पाळी."

दोन पावलं पुढे होऊन उखाने हात जोडले, पार कमरेत वाकला. "भाईदासभाऊ, तुमना मोठा उपकार व्हयना!"

हे तो खुंटीवरच्या कोटाला म्हणाला. भाईदास दुसऱ्या बाजूला, मुठीवर टोपी घेऊन उभा होता.

त्याने टोपी मुठीवरून हळूच उतरवली आणि कलाबाईच्या हातात दिली. उद्याच्या पाळीचं नाव मग कोणी काढलं नाही.

रस्त्यात कलाबाईने नवऱ्याचं मनगट धरलं. "कव्हयपासून?"

"पोळापासून." तो म्हणाला, "बोटेसले दिखस आजून."

घरी आल्यावर तिने टोपी त्याच्या मांडीवर टाकली. "सोडा मंग बठ्ठ्या गाठी. माले मना पाऊस पाहिजे."

जन्मभर भोकं बुजवलेला उखा ओट्यावर बसून एकेक भोक मोकळं करू लागला. नखाने गाठ उकलायची, धागा ओढायचा, बोट घालून बघायचं. हात चांगला बसला तसा त्याने दाराकडे तोंड वळवलं.

"का वं, भोकं पाडाना काम कोनी देस का?"